छातीनंतर गळा

टाकीत उतरताना मास्तरांना भीती होती ती फक्त पालीची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. घरात थोरली आणि धाकटा, आणि दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. सकाळी आरशावरून जुंपायची ती थेट उशी कुणाची इथवर चालायची. जगाचं उसवलेलं शिवून देणाऱ्या मास्तरांना घरचे हे दोन तुकडे काही जोडता येत नव्हते. शेवटी एका गिऱ्हाइकाने पँट अर्धवट चढवलेल्या अवस्थेत सल्ला दिला, "मास्तर, एकट्याने होणारच नाही असं काम द्या दोघांना. आपोआप जुळतील."

शाळेला सुटी होती, बायको पोस्टात कामावर गेली होती. मास्तरांनी गच्चीवरची सिमेंटची टाकी धुवायला काढली.

"नीट ऐका. मी आत उतरून घासणार. एकाने वर शिडी सांभाळायची, एकाने खाली पंपापाशी थांबायचं. बाहेर आलो की मी 'झालं' म्हणून ओरडेन, मग बटण दाबायचं. दोघांनी मिळून एक काम. कळलं?"

"कळलं," थोरली म्हणाली. "वर मी."

"वर मी!" धाकट्याने पाय आपटला.

"आधी ताई, मग तू," मास्तरांनी निवाडा दिला आणि टाकीच्या अरुंद तोंडातून आत उतरले.

टाकी बाहेरून वाटली त्याहून बरीच खोल निघाली. हात पूर्ण वर केला तरी तोंड लागत नव्हतं. भिंती शेवाळाने बुळबुळीत. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि घासायला लागले. गाळ काढून झाला, आता फडकं मारायचं तेवढं उरलं, एवढ्यात वरून आवाज आला.

"माझी पाळी!"

"अजून नाही झाली."

"झाली! सोड शिडी."

"हात नाही लावायचा! थांब, वरच काढून घेते."

मास्तरांच्या डोळ्यांदेखत शिडी सरसरत वर गेली. पाठोपाठ ओढाताण, एक किंकाळी आणि मग लांब खाली अंगणात धडाम!

मास्तर ओरडले, "पोरांनो! कुणी पडलं का रे?"

"शिडी पडली," धाकट्याचं तोंड वर दिसलं. "ताई आणायला गेली."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ताई नुसती गेली नव्हती. अंगणात पोहोचल्यावर पंपाचं बटण तिच्या हाताशीच होतं, आणि भाऊ वरून धावत येऊन ते दाबेल ही धास्ती मनात. तेवढ्यात शिडी उचलताना ती पुन्हा आदळली, आणि तो आवाज टाकीत मास्तरांच्या कानावर आला. ते जिवाच्या आकांताने ओरडले, "काय झालं?"

अंगणापर्यंत त्यातला शेवटचा शब्द तेवढा पोहोचला. पंप घुरघुरला.

पाण्याची धार मास्तरांच्या मानेवरच पडली. "बंद! बंद करा! धाकट्या, पळ, ताईला सांग बंद कर!"

धाकटा पळाला. पाणी घोट्यावर आलं. खालून आवाज येऊ लागले. "बाबांनी मला सांगितलंय!" "मी चालू केलं, मीच बंद करणार!" "सरक!" "तू सरक!" आणि मग खट्ट.

त्यानंतर एकही आवाज नाही. पंप मात्र चालूच.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. या घरात इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. पोरांना शॉक तर नाही ना बसला? त्यांनी दोघांच्या नावाने टाहो फोडला. आवाज टाकीतच गरगरला आणि त्यांच्याच कानात शिरला. पाणी गुडघ्यावर आलं. मास्तरांना मापं तोंडपाठ होती. घोटा, गुडघा, मांडी, कंबर, छाती. आणि छातीनंतर घ्यायचं माप गळ्याचं असतं.

तोंडाशी दोन डोकी एकदम उगवली. मास्तरांना रडूच आलं.

"बटण तुटलं," धाकटा म्हणाला.

"शिडी जिन्याच्या वळणात अडकली," थोरली म्हणाली. "हलतच नाहीये. मेन स्विच बंद करू?"

"नाही! ओल्या हातांनी मेनला शिवायचं नाही! मी बुडलो तरी चालेल!" एवढं म्हणून मास्तरांनाच त्या वाक्याची भीती वाटली. "शेजाऱ्यांना बोलवा."

"कुलूप आहे. पण आम्ही ठरवलंय," थोरली म्हणाली. "पाणी भरू दे. तुम्ही पोहत पोहत वर या."

"तुम्ही भर पुरात नदी ओलांडली होती ना," धाकट्याने आठवण करून दिली.

पाणी कमरेला लागलं होतं. ही वेळ खोटं बोलायची नव्हती. "बाळांनो, नदी होती. पूरही होता. मी काठावर होतो."

दोन्ही डोकी एकमेकांकडे वळली. काहीतरी कुजबुज झाली आणि डोकी नाहीशी झाली. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. घशाला कोरड पडली होती, तीही एवढ्या पाण्यात. आपल्यामागे ही दोघं शिलाई मशीनसुद्धा मधोमध कापून घेतील, असं त्यांच्या मनात आलं. पाणी छातीला टेकलं. गळ्याचं माप किती, हे आठवायचं नाही म्हटलं तरी आठवलं.

"बोट ठेव इथं. घट्ट," वर थोरलीचा आवाज.

"ठेवलंय. मार गाठ. अजून एक मार, सुटेल नाहीतर."

झाकणं आवळलेले दोन रिकामे कॅन, एका दोरीत बांधलेले, धप्पकन मास्तरांपुढे पडले.

"बाबा, मिठी मारा! दोरी आम्ही नळाच्या पाइपाला बांधलीय!"

मास्तरांनी कॅनना अशी मिठी मारली की तशी लग्नानंतरही कुणाला मारली नसेल. पाय सुटले, मास्तर किंचाळले, पण तरंगले. पाण्याबरोबर ते हळूहळू वर येत गेले आणि एकदाची बोटं काठाला लागली. एक हात थोरलीने धरला, दुसरा धाकट्याने.

"ताई, तू तीन म्हण."

ताईने तीन म्हटलं. मास्तर गच्चीवर येऊन पडले, ओल्या पोत्यासारखे.

टाकी ओसंडून पाणी जिन्यावरून वाहायला लागलं आणि त्याच वेळी बायको घरी आली. तिने आधी मेन बंद केला, मग अडकलेल्या शिडीखालून वाकून वर आली. "अहो, हे काय?"

मास्तर अजून दम खात होते. तोंड उघडलं ते थोरलीने. "शिडी वाऱ्याने पडली."

"आणि बटण जुनं होतं," धाकटा म्हणाला.

"म्हणून तुटलं."

"आपोआप."

मास्तर ताडकन उठून बसले. "वाऱ्याने? अगं, ही दोघं..."

"थांबा हो," बायको म्हणाली. "या घरात एकाने ताट सांडलं की दुसरा ओरडत सांगायला येतो. आजवर मला खरं कळलं ते यांच्या भांडणातून. आज दोघं एकच सांगतायत म्हणजे तेच खरं."

मास्तरांच्या पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. टाकीत गेली होती तशीच. समोर थोरली आणि धाकटा खांद्याला खांदा लावून उभे होते. दोघांच्या तळव्यांवर दोरीचे लाल वळ उमटले होते आणि दोघांच्या तोंडावर एकच निरागस भाव होता. हेच बघायला मास्तर इतकी वर्षं तरसले होते.

"काय हो? वारा होता?" बायकोने विचारलं. आजूबाजूच्या झाडांचं एक पानही हलत नव्हतं.

मास्तरांनी दोघांकडे पाहिलं.

"होता," ते म्हणाले. "फक्त शिडीपुरता होता."