लसणाचे दोन वाफे

"कापणीचं अख्खं कंबाइन शेतात उघडून शेतातच जोडलंय मी! हा चपटा डबा काय चीज आहे?" असं म्हणत तोलोमुशने शनिवारी लॅपटॉपवर नवी विंडोज चढवली. रविवारी सकाळी लॅपटॉप नवरदेवासारखा नटून उठला, पण वायफाय कुठेतरी सांडून आला! चौकोन नवे, रंग नवे, आणि नेटवर्कच्या जागी नुसती फुली.

तोलोमुशची बायको सायरागुल तीन वर्षं इस्तंबूलला एका म्हातारीची सेवा करत होती. रविवारची दुपार तेवढी तिची. त्याच्या बटणांच्या फोनवर तिचा चेहरा दिसायचा नाही, म्हणून हा लॅपटॉप. म्हातारीचा मुलगा तिला आणखी दोन वर्षं थांब म्हणत होता आणि उद्या तिला उत्तर द्यायचं होतं. "थांबू नकोस, ये," एवढंच तोलोमुशला सांगायचं होतं. गेले कित्येक रविवार तो तेच सांगायला बसायचा आणि हवापाणी सांगून उठायचा.

त्याने लॅपटॉप हलवला, फुंकला, उन्हात धरला. शेवटी तो काखेत मारून गवताच्या गंजीवर चढला.

भिंतीपलीकडून शेजारच्या उमसुनायने हाक मारली; ती त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणायची. ती ग्रामकार्यालयात संगणकावर बसायची, आणि वायफायचा डबाही तिच्याच घरातला. दोन्ही घरं त्याच्यावर चालायची.

"बाइके, गंजीवर काय अंडी उबवताय?"

"रेंज शोधतोय!"

"रेंज छान आहे हो. तुमच्या लॅपटॉपचं डोकं नवीन झालंय, त्याला स्वतःचे कान ओळखू येईनात! ओळख पटवायची फाइल उतरवून घ्यावी लागेल."

"मग घे की उतरवून!"

"इंटरनेटवरून घ्यायची असते ती."

"आणि इंटरनेट कशावर?"

"वायफायवर."

तोलोमुश गंजीवरून घसरत खाली उतरला.

उमसुनायने मग लांबलचक वायर शोधून काढली. ती तिच्या खिडकीतून निघाली, भिंत ओलांडून, गोठ्यातून, थेट तोलोमुशच्या अंगणातल्या जर्दाळूपर्यंत. तिथेच संपली, म्हणून लॅपटॉपही झाडाखाली मांडला. वायर कसली म्हणून शेजारी गोळा झाले. कुणी म्हणालं टीव्ही येतोय, कुणी म्हणालं निवडणूक! फाइल उतरत आली, आणि गाईने वायरवर खूर ठेवला.

"हट् गं! पाय काढ!" तोलोमुश ओरडला. गाय त्याच्याकडे बघत रवंथ करत राहिली. चौघांनी मिळून तिला ढकललं. फाइल पुन्हा पहिल्यापासून!

अखेर फुली गेली. सायरागुल कधीची वाट बघत असणार! त्याने घाईघाईने टोपी सारखी केली. रविवारचा कॉल तिने केव्हाच उघडून ठेवला होता; तो नुसता आत शिरला आणि पडद्यावर ती आली.

ती झोपली होती. फोन कशाला तरी टेकवून, खुर्चीतच, हनुवटी छातीवर. म्हातारीने रात्री डोळा लागू दिला नसणार.

उमसुनायने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना भिंतीपलीकडे पिटाळलं. तोलोमुश एकटाच उरला. तिचा रुमाल मागे सरकला होता, कपाळावरचे केस पांढरे झाले होते. जागेपणी ती रुमाल पुढे ओढून बांधायची, म्हणून हे त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"सायरा," तो पुटपुटला, "आता पुरे झालं गं. ये ना घरी. दोन कप मांडतो मी अजून. एक तसाच धुतो."

तिने डोळे उघडले. "अहो, काही म्हणालात?"

तोलोमुशने वर पाहिलं. भिंतीवर सात-आठ डोकी ओळीने!

"जोरात सांगा, बाइके!" उमसुनाय ओरडली.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "लसूण... लसूण पेरलाय म्हटलं!"

"किती?"

"दोन वाफे."

सायरागुलने रुमाल पुढे ओढून घेतला. लसूण आता हिवाळ्याच्या तोंडावर पेरला की उन्हाळ्यात काढायचा, हे तिला सांगायला नको होतं.

"काढायला मी येते," ती म्हणाली. "म्हातारीच्या मुलाला उद्या तसं सांगते."

आता पंचाईत अशी, की लसूण पेरलेलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी हिवाने कडक झालेल्या मातीत तोलोमुश कुदळ घेऊन उतरला. भिंतीवरून उमसुनायने लसणाच्या गड्ड्यांची पिशवी टाकली.

"दोनच वाफे म्हणाला होतात हं! हा सहावा."

"ठाऊक आहे," तोलोमुश धापा टाकत म्हणाला. "दोन काय, एका दिवसात उपटून होतील. मग ती लगेच परत निघाली म्हणजे?"