क्लॅरिनेटवाल्यांची कवळी

"अहो, आमच्या बाबांना तुम्ही कुणाची कवळी दिलीत? तोंडच मिटत नाहीये त्यांचं!"

दातांच्या दवाखान्यात सकाळी साडेअकराला हा फोन आला, आणि काउंटरवर बसलेल्या कॉम्प्युटरबाईंनी तो उचलला. फोनवर सूनबाई होत्या. त्यांचे सासरे तासाभरापूर्वीच दुरुस्त झालेली कवळी घेऊन गेले होते.

"दीड वाजता त्यांना सभागृहात पोचायचंय. क्लॅरिनेट वाजवायचंय! तीन वर्षांनी बोलावणं आलंय कार्यक्रमाचं."

"एकच मिनिट हं. नंबर सांगा तुमचा."

कॉम्प्युटरबाई हे नाव डॉक्टरीणबाईंनी ठेवलेलं. दोन महिन्यांपूर्वी कामाला लागल्या लागल्या या बाईंनी नोंदवहीला नावं ठेवली आणि जानेवारीपासूनची सगळी नोंद कॉम्प्युटरवर चढवली. दर महिन्याचं वेगळं शीट, आणि पहिल्या पानावर एक चौकोन. चौकोनात फोन नंबर टाकला की सगळी शीटं धुंडाळून कवळीच्या डबीचा नंबर हजर! स्वतःच्या करामतीवर बाईंचा एवढा विश्वास, की गेल्या आठवड्यात त्यांनी वही रद्दीत घातली. नोकरीत कायम करायचं की नाही, हे डॉक्टरीणबाई येत्या शनिवारी ठरवणार होत्या.

बाईंनी नंबर टाकला. डबी नऊ. सकाळीही हेच उत्तर आलं होतं. मग त्यांनी एकेक शीट उघडून डोळ्यांनी शोधलं, तेव्हा कुठे उजेड पडला. सूनबाईंचा नंबर दोन ठिकाणी होता. जूनमध्ये सासऱ्यांच्या नावापुढे, आणि जानेवारीत सूनबाईंच्या आईच्या नावापुढे. आई दुरुस्तीला टाकलेली कवळी न्यायला आल्याच नव्हत्या. कॉम्प्युटरला जानेवारीत नंबर भेटला, तो तिथेच थांबला.

"सापडलं," बाई हळूच म्हणाल्या. "ती कवळी तुमच्या आईची आहे."

पलीकडे सूनबाई ओरडल्याच.

"म्हणजे बाबा तासभर माझ्या आईचे दात घालून बसलेत?"

"निर्जंतुक केलेले होते हो!"

"तसं नाही. आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. व्याही-विहिणीचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. आम्ही येतोच तिकडे. तोवर त्यांचे शोधून ठेवा."

बाईंनी जूनचं शीट उघडलं. नावं पटकन सापडावीत म्हणून ती अकारविल्हे लावून घेतली. तेवढ्यात एक पेशंट बिल मागायला आला. सवयीने त्यांनी फाइल सेव्ह करून बंद केली, बिल दिलं आणि फाइल पुन्हा उघडली. सासऱ्यांच्या नावापुढे डबी चार. चार नंबरची डबी उघडली, तर आत एका तारेवर दोनच दात. सासऱ्यांची तर पूर्ण बत्तिशी!

बाईंनी शीट पुन्हा निरखलं. अकारविल्हे लागली होती ती फक्त नावं. डब्यांचे नंबर होते तिथेच राहिले होते. फाइल बंद झाल्यामुळे मागे फिरायची वाटही बंद. जूनमधल्या चौदाच्या चौदा माणसांचे दात आता कुणाचे कुणाला झाले होते.

पाऊण वाजता रिक्षा थांबली. पुढे सूनबाई, मागे तोंडाला रुमाल लावलेले आजोबा. काखेत क्लॅरिनेटची पेटी. त्यांनी विहिणीची कवळी काढून कागदात गुंडाळली होती आणि रुमालाआडून ते काहीतरी सांगू पाहत होते. कुणालाही अक्षर कळेना.

"वाजवायचं कसं, म्हणतायत," सूनबाईंनी अर्थ लावला.

आजोबांनी जोरजोरात हात हलवले.

"बघा, किती कासावीस झालेत!"

बाईंनी ट्रेमध्ये चौदाही डब्या मांडल्या. "एकेक घालून बघायच्या का?"

"हे चपलांचं दुकान आहे का?" सूनबाई कडाडल्या.

घड्याळात एक वाजायला दहा कमी. शेवटी देवाचं नाव घेऊन बाईंनी आतलं दार ढकललं. डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी दाढेत डोकं खुपसून बसल्या होत्या. बाईंनी सगळं कबूल केलं. नंबर, अकारविल्हे, रद्दी. काही लपवलं नाही. खुर्चीतला पेशंटही "आ" करून ऐकत होता.

डॉक्टरीणबाई उठल्या, हातमोजे बदलले आणि बाहेर आल्या. आजोबांना म्हणाल्या, "तोंड उघडा." बॅटरीने आत पाहिलं. मग ट्रेवरून नजर फिरवली, अकरावी डबी उचलली, कवळी धुतली आणि बसवली. खट्ट. बसली!

"मॅडम, ओळखलंत कसं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मला चेहरे लक्षात राहत नाहीत. तोंडं राहतात." डॉक्टरीणबाई आत जाता जाता वळल्या. "उरलेल्या तेरा जणांना उद्या बोलव. मी तोंडं बघते, तू लिही. आणि येताना वही घेऊन ये. जाडजूड."

उद्याही कामावर यायचंय, एवढंच बाईंनी ऐकलं आणि त्या डब्या आवरायला लागल्या. तोवर रिक्षा सुटलीही होती.

बाईंना जेवणाचा डबा उघडायची इच्छाच झाली नाही. चार वाजता फोन वाजला.

"कसं झालं?" बाईंनी लगेच विचारलं.

"टाळ्या थांबेनात!" सूनबाईंचा आवाज फुलला होता. "पुढच्या महिन्यातही बोलावलंय."

"आणि कवळी? त्रास नाही ना झाला वाजवताना?"

"वाजवायच्या आधी त्यांनी ती काढून खिशात टाकली."

"काढून?"

"तीन वर्षं ते दातांशिवायच वाजवतायत म्हणे! घरी खोलीचं दार लावून बसतात, आम्हाला कसं कळणार?"

"अहो, मग दातांसाठी एवढा जीव का टाकत होते?"

"फोटोसाठी. सभागृहात कलाकारांचे फोटो लावतात ना, तिथे त्यांना हसरा फोटो हवा होता."

"मग आला का छान?"

सूनबाई हसायलाच लागल्या.

"फोटोवाला म्हणाला, आजोबा, हसू नका. क्लॅरिनेट तोंडात धरा."