वाघनखीचे जांभळे फूल

फिलोमिनाच्या अंगणात वाघनखीला पहिले फूल आले आणि ते पाहून तिचे डोकेच फिरले. फूल गडद जांभळे होते. तिच्या आईच्या वाणाचे फूल फिकट, जवळजवळ पांढरे. बी पांढरे आणि शेंगेची नखे वीतभराहून लांब. त्या नखांच्या काळ्या सालीनेच फिलोमिना टोपल्यांवर नक्षी विणायची. हे जांभळे म्हणजे रानातले, काळ्या बीचे, आखूड नखांचे. वाळवंटातल्या ओऽधम जमातीच्या बाईने आईचे बी घालवले, तर तिने टोपली कशाने विणायची?

"अहो, हे रानटी आहे!"

"यंदा ऊन फार. रंग चढला असेल," अँब्रोज खुर्चीतून न उठता म्हणाला.

पेरणी त्यानेच केली होती. फिलोमिना तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी टूसॉन शहरात लेकीकडे होती. पण तिचा संशय गेला भलतीकडेच. रस्त्यापलीकडे नणंदेच्या, म्हणजे लुएलाच्या, कुंपणात फिकट फुले डुलत होती!

"बी वन्संनी बदललं! मी नसताना आल्या होत्या ना?"

"आली होती खरी," अँब्रोज घाईने म्हणाला. "बराच वेळ स्वयंपाकघरात होती."

"थांबा, मुद्देमालासकट पकडते."

ती तरातरा निघाली. मागोमाग अँब्रोजही निघाला, पण लुएलाच्या फाटकाशीच थांबला. फिलोमिना फुलासाठी वाकली आणि चिकट, घाणेरड्या वासाच्या पानांत कोपरापर्यंत बरबटली. तेवढ्यात लुएला दारात आली.

"अगं, फूल हवं तर मागायचं! अंघोळ कशाला त्यात?"

"हे माझ्या आईचं बी आहे!"

"आहेच मुळी. तिनंच दिलंय. दरवर्षी लावते मी."

"मग माझ्याकडे रानटी कसं उगवलं?"

"पेरलं कुणी?"

दोघींनी फाटकाकडे पाहिले. अँब्रोज ढगांची पाहणी करत होता.

"पेरायच्या आधी जरा टेकलो," तो पुटपुटला. "रेडिओवर सामना रंगलेला. बी सोलून खायला इतकं गोड... बघतो तर डब्याचा तळ! मग ओढ्याकाठचं आणून पेरलं."

"आणि खापर वन्संवर?"

फिलोमिनाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लुएलाने मात्र आतून बियांची पुरचुंडी आणून तिच्या चिकट हातात ठेवली. आईचेच पांढरे बी! फिलोमिनाच्या डोळ्यांत पाणी आले, पण संशय काही संपेना.

"आईनं तुम्हाला का दिलं? मला एका शब्दानं बोलली नाही!"

"तुझ्या लग्नाच्या दिवशीच दिलं," लुएला म्हणाली. "म्हणाली, 'तुझ्या भावाचं खाणं सकाळपासून चालूच आहे. थोडं बी तुझ्याकडे असू दे.'"