सहा दारांची शेगडी

एका जंगलात, बाळांनो, एक दगडी घर होतं. कुणा माणसानं ते बांधलं आणि सोडून गेला. जाताना एक शहाणपणाची वस्तू मात्र मागे ठेवून गेला.

ती वस्तू म्हणजे लोखंडी शेगडी. घराच्या मधल्या दालनात ती उभी होती आणि तिचं धुराडं छपरातून वर गेलं होतं. दालनाभोवती सहा खोल्या होत्या. सहाही खोल्यांची दारं दालनात उघडत. दारं उघडी ठेवली तर एका शेगडीवर सगळं घर गरम होईल, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. प्राण्यांना कळलं नाही, कारण त्यांनी त्यासाठी समिती नेमली होती.

जंगल उंच डोंगरावरचं. पौषात तिथं दव गोठायचं. त्या वर्षी गारठा पडला तसे प्राणी घरात राहायला आले. दालन वाघाला मिळालं. का, ते विचारू नका. तुम्हाला अजून मोठं व्हायचं आहे. कोल्हा समितीचा चिटणीस झाला. उत्तरेची, सगळ्यात थंड खोली भेकरबाईला मिळाली. तिला पाच दिवसांचं पाडस होतं आणि ते सारखं कुडकुडत होतं.

शेगडी पेटवायचा समारंभ ठरला. कोल्ह्यानं हिरव्यागार फांद्या तोडून आणवल्या. त्यांना हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली.

"अहो चिटणीस, ओलं लाकूड काय पेटवताय?" शेकरूमावशी तुळईवरून ओरडली. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. तिचा जन्म लाकडात गेलेला. "उन्हाळाभर वाळवलेलं सरपण आहे माझ्याकडे. घ्या की त्यातलं!"

"वाळकं लाकूड चितेला लागतं, मावशी. शुभकार्याला हिरवंच. आपल्या जंगलाची रीत आहे."

"रीत तुमची, आणि थंडी त्या लेकराला!"

"सूचनेची नोंद घेतली," कोल्हा म्हणाला आणि त्यानं काडी ओढली.

फांद्या सूं सूं करत राहिल्या. वाफ झाली, धूर झाला, भाषणं झाली. ऊब तेवढी झाली नाही. जी थोडीफार झाली ती वाया जाऊ नये म्हणून कोल्ह्यानं सहाही दारं लावायला लावली. मग शेगडीला अगदी चिकटवून एक थर्मामीटर टांगला आणि तो वाचून जाहीर केलं, "संपूर्ण घर उबदार झालेलं आहे." आपापल्या बंद खोल्यांतून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंजे गारठले होते, त्यामुळे टाळ्या जरा जास्तच वाजल्या.

मला या प्राण्यांची कीव येत नाही. चीड येते. दातांवर दात आपटताहेत आणि टाळ्या वाजवताहेत!

चौथ्या दिवशी सकाळी वाघ आणि कोल्हा उन्हात बसायला बाहेर गेले. शेगडीपेक्षा उन्हातच ऊब जास्त होती. तेवढ्यात भेकरबाई धावत आली.

"मावशी, बाळ दूध ओढत नाही गं. तोंड गार लागतंय त्याचं."

मावशीनं कुणालाही विचारलं नाही. ओली लाकडं बाहेर ओढली. साचलेली राख काढली. वाळक्या, बारीक फाट्या मोकळ्या रचून पेटवल्या आणि भेकरबाईच्या मदतीनं सहाही दारं सताड उघडली.

दुपारच्या आत मोजक्या लाकडात घर तापलं. उत्तरेच्या खोलीतली भिंतसुद्धा कोमट झाली. पाडसानं कान हलवले, मग दूध ओढलं. भेकरबाई रडली. मावशीही रडली, पण धुरामुळे म्हणाली. धूर मुळीच नव्हता.

वाघ परतला. दालनात बसला, मग उठून उत्तरेच्या खोलीत डोकावला. त्याच्या मिशा थरथरल्या.

"इथंही उबदार आणि माझ्या दालनातही उबदार? मग मी वाघ कशाला झालो?"

लगेच सभा भरली. मावशीवर दोन आरोप आले: अशुभ लाकूड जाळलं आणि परवानगीशिवाय दारं उघडली. "जो नीट वागेल त्याला पुढच्या हिवाळ्यात दालनाच्या कोपऱ्यात जागा मिळेल," असंही कोल्हा जाता जाता म्हणाला. झालं! अजून पाठी गरम होत्या, तरी सगळ्यांचे पंजे मावशीच्या विरोधात वर गेले. एकटी भेकरबाई मान खाली घालून बसली.

मावशीला घराबाहेर काढलं. तिचं सरपण दवात फेकलं. दारांना दालनाच्या बाजूनं कड्या बसवल्या आणि शेगडीत पुन्हा हिरव्या फांद्या सूं सूं करू लागल्या.

तिसऱ्या दिवशी पाडस गेलं.

"थंडीनं गेलं हो माझं बाळ," भेकरबाई दार बडवत म्हणाली.

कोल्ह्यानं थर्मामीटर पाहिला. "घरात थंडी नाहीच, बाई. मग थंडीनं कसं जाईल?"

तरीही वाघ मनाचा मोठा. त्यानं दालनात शोकसभा घेतली. भेकरबाईला मानानं आत बोलावलं आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच शेगडीजवळ बसवलं.

तात्पर्य: ज्याच्याकडे ऊब आहे त्यानं दार लावून घ्यावं; सगळ्यांना मिळाली की तिचा मान राहत नाही. आणि ज्याला थंडीनं मरायचं असेल त्यानंही आपलं दार नीट लावून मरावं. उघड्या दारातून मोठ्यांना गार वारा लागतो.