टाइप करायच्या प्रश्नाला वजा नाही

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमधल्या गायकवाडकाकांना साधं "चहा घेणार?" विचारलं तरी ते विचारात पडतात. मग गंभीरपणे म्हणतात, "खात्री नाही. सोडतो." पर्याय निवडायच्या प्रश्नात बरोबर उत्तराला तीन मार्क, चुकलं तर वजा एक, सोडलं तर शून्य. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा हा नियम काकांनी अख्ख्या आयुष्याला लावलाय.

एका लग्नात मी विचारलं, "जेवण कसं वाटलं?" काका म्हणाले, "एका जेवणावरून कसं सांगू? पर्सेंटाइल काढायचं, म्हणजे हे किती जेवणांपेक्षा सरस ते, तर आधी बाकीच्या लग्नांतली जेवणं कशी होती ते सांगा." सोसायटीच्या एका मीटिंगमध्येही त्यांचा आग्रह एकच: प्रत्येक विषयाला परीक्षेसारखी चाळीस मिनिटं, आणि पुढच्या विषयावर गेलं की मागे फिरायचं नाही. सेक्रेटरी वैतागले. पण ती मीटिंग वेळेत संपली, हे मान्य करायला हवं.

हे वेड चार वर्षांपूर्वीपासूनचं. त्यांची मुलगी प्रज्ञा त्या परीक्षेला बसली आणि अगदी थोडक्यात हुकली. आता ती हैदराबादला नोकरी करते. काकू कधीच गेल्या, त्यामुळे काका घरात एकटेच. बिल्डिंगमधलं कुणी त्या परीक्षेला बसणार असलं की ते त्याला गाठतात आणि एक वाक्य तीनदा वदवून घेतात, "उत्तर टाइप करायच्या प्रश्नाला वजा नाही. तो रिकामा ठेवायचा नाही." आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

यंदा माझी मुलगी ईशा परीक्षेला बसणार होती. तिला घेऊन मी काकांकडे गेलो. तिसऱ्यांदा वाक्य म्हणून झाल्यावर ती म्हणाली, "काका, एवढं का घोकून घेता?"

काका म्हणाले, "प्रज्ञाने टाइप करायचे सात प्रश्न सोडलेले. उत्तरं काढलेली, पण खात्री नव्हती. मीच सांगितलेलं, खात्री नसेल तर सरळ सोड. टाइप करायच्या प्रश्नांचा नियम वेगळा आहे, हे मला माहीतच नव्हतं. नंतर आम्ही उत्तरं ताडून बघितली, सातातली चार बरोबर होती. माझ्यामुळे गेलं पोरीचं."

"तुम्हाला नियम माहीत नव्हता, हे प्रज्ञाताईला सांगितलंत?"

"हिंमत नाही झाली."

ईशा माझ्यासारखी भिडस्त नाही. तिने काकांचाच मोबाइल घेतला, प्रज्ञाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यासमोर धरला. मला वाटलं, ते फोन कापतील. पण त्यांनी अडखळत सगळं सांगितलं.

"पप्पा, तो नियम मला माहीत होता," प्रज्ञा म्हणाली. "घोडबंदर रोडच्या परीक्षेच्या सेंटरवर बसल्या बसल्याच कळलेलं. स्क्रीनवर सूचना होती."

"मग भरलं का नाहीस?"

"तुम्ही सोड म्हणालेलात ना. मला वाटलं, तुम्ही या परीक्षेचा एवढा अभ्यास केलाय, तुम्हालाच बरोबर माहीत असणार."

काकांनी तोंड फिरवलं. मला तिथे बसणं अवघड झालं, माझ्या हसण्याची लाज वाटली.

पलीकडून प्रज्ञा विचारत होती, "पप्पा, ऐकताय ना?"

ईशाने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, काका रडतायत. तू फोन ठेवू नको."