शिंगोजी धनेशाला आलेली हाक

एका जंगलात, बाळांनो, त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. चैत्र सरत आला होता. ऊन सकाळपासूनच झाडांच्या शेंड्यांवर येऊन बसलं होतं. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. आता पिंपळाचं पान हलत नाही म्हणजे बघा! अशा दिवशी लांबचा आवाज जवळ येतो. खालच्या ओढ्यात खेकडा दगडाखाली सरकला, तरी वर झाडावर ऐकू यावं, इतकं सगळं चिडीचूप होतं.

त्या जंगलात शिंगोजी नावाचा एक धनेश राहायचा. धनेश तुम्ही पाहिला नसेल, तर सांगतो. मोठा पक्षी. चोच चांगली कोयत्याएवढी, आणि त्या चोचीवर आणखी एक शिंग. जणू देवानं एक चोच करून पाहिली, आवडली, म्हणून वर दुसरी ठेवून दिली. तो उडायला लागला की पंखांचा भस्स भस्स असा आवाज व्हायचा, की खालून चाललेलं सांबरसुद्धा थांबून वर बघायचं.

या धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली, की धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी ठेवते. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत ती काही बाहेर येत नाही. नवरा रानभर फिरतो, गळ्यात फळं भरून आणतो आणि फटीतून एकेक करून आत देतो. म्हणजे बायको घरात कोंडलेली, आणि नवरा कायमचा फिरतीवर.

शिंगोजीची बायको राखीबाई सातविणीच्या ढोलीत अशीच बसली होती. पदरात दोन पिल्लं. अजून पिसं फुटायची होती त्यांना.

आता, पूर्वी त्या रानात हाक मारायची पद्धत साधी होती. ज्याला बोलवायचं, त्याच्या नावानं ओरडायचं. त्याला ऐकू गेलं तर तो यायचा. नाही गेलं तर मधेच कुणीतरी ऐकायचं आणि पुढे ओरडायचं. गोंगाट व्हायचा खरा. वाघमहाराजांची दुपारची झोप मोडायची.

म्हणून महाराजांनी हाकखातं काढलं. त्यावर साहेब म्हणून हुप्पेराव वानराला नेमलं. कारण रानात सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडायचा, आणि त्याला गप्प बसवायला दुसरा उपाय महाराजांना सुचला नाही.

हुप्पेरावांनी रानाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यातल्या एका झाडावर एक तांबट बसवला. तांबट म्हणजे तो हिरवा, चिमुकला, दिवसभर टुक टुक करणारा. हा तांबट त्या तांबटाला निरोप टुकटुकायचा, तो पुढच्याला.

नियम असा होता. आपण जिथं जन्मलो, ते आपलं मूळ झाड. तिथल्या तांबटानं आपला ठावठिकाणा ध्यानात ठेवायचा. आपण फिरत फिरत दुसऱ्या तुकड्यात गेलो, की तिथल्या तांबटापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘मी अमका, इथं आलो.’ तो तसं मूळ झाडाला कळवायचा. मग कुणी आपल्याला हाक मारली, की ती आधी मूळ झाडाकडे जायची. मूळ झाड म्हणायचं, ‘तो सध्या तमक्या तुकड्यात आहे.’ मग हाक तिकडे निघायची. आणि अर्धी हाक ऐकून आपण उडालो, तर उरलेली अर्धी पुढच्या तुकड्यातला तांबट सांगायचा. एक अक्षर सांडता कामा नये, असा हुकूमच होता.

छान आहे की नाही? फिरणारा कुठंही फिरो, हाक त्याला गाठणार. फक्त खात्याबाहेर ओरडायला बंदी होती. कुणी ओरडलंच, तर ते ऐकणाऱ्यानं आपल्यासाठी नाही असं समजायचं.

शिंगोजीला हे फार आवडलं. फिरतीवरच्या बापाला दुसरं काय हवं?

‘आता मी कुठंही असलो ना, तरी तुझी हाक मला गाठणार,’ तो राखीबाईला म्हणाला.

‘अहो, पूर्वीही गाठायची की,’ राखीबाई फटीतून म्हणाली.

‘ते ओरडणं होतं. ही हाक आहे.’

राखीबाई आत वळली. तिला दोन पिल्लांखालची जागा साफ करायची होती.

एक अडचण मात्र होती. शिंगोजी फळं आणायचा गळ्यात भरून. गळा भरलेला असला की नाव कसं सांगणार? मग तो प्रत्येक तांबटापुढे सगळी फळं एकेक करून बाहेर काढायचा, फांदीवर ओळीनं मांडायचा, ‘मी शिंगोजी धनेश, इथं आलो,’ असं म्हणायचा आणि पुन्हा एकेक करून गळ्यात भरायचा. मधल्या वेळात दोन-चार फळं बुलबुल न्यायचे. एखादं घरंगळायचं. पाच तुकडे ओलांडून तो घरी पोचायचा तेव्हा गळा बराच हलका झालेला असायचा.

‘एवढंसंच?’ राखीबाई विचारायची.

‘पण मी कुठं कुठं होतो, ते सगळं मूळ झाडाला ठाऊक आहे,’ शिंगोजी म्हणायचा.

पिल्लं चोची उघडून बसायची. त्यांना मूळ झाड म्हणजे काय ते अजून कळत नव्हतं.

तर त्या वारा नसलेल्या दिवशी शिंगोजी लांबच्या उंबरावरून फळं भरून निघाला. घराजवळ आला. सातवीण ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एक नांदुर्कीचं झाड. मधे चाळीस पावलं असतील नसतील. नांदुर्की फळांनी लालेलाल झाली होती. शिंगोजी म्हणाला, चार इथलीही घेऊ. पण ओढा म्हणजे तुकड्याची हद्द. नांदुर्कीचा तुकडा वेगळा, तिथला तांबट वेगळा. आधी नाव सांगणं आलं.

त्यानं फळं काढून फांदीवर मांडली आणि पाहतो तर पाळीत पुढे रानडुकरीण. खाली बुंध्याशी उभी, सोबत आठ पिल्लं. प्रत्येक पिल्लानं आपलं आपलं नाव सांगायचं होतं. सातवं पिल्लू सहाव्याचं नाव सांगून बसलं. तांबट म्हणाला, ‘पुन्हा पहिल्यापासून.’

इकडे सातविणीवर काय झालं? उन्हानं लिंपणाला चीर गेली. चीर वाढली आणि एक मोठा ढपला सुटून खाली पडला. फटीचं भगदाड झालं. खाली बुंध्याशी एक घोरपड पडून होती. तिनं तो ढपला पाहिला, मग वर पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. सावकाश, नखं रोवत, ती चढायला लागली.

‘अरे, ह्यांना हाक दे!’ राखीबाई सातविणीवरच्या तांबटाला म्हणाली. ‘घोरपड चढतेय, म्हणावं! लिंपण फुटलंय!’

‘नाव?’

‘शिंगोजी धनेश!’

‘मूळ झाड?’

‘तीन डोंगरांपलीकडचा बेहडा. पण अरे, ते समोर बसलेत! त्या बघ नांदुर्कीवर! मला इथून दिसताहेत!’

‘तुम्हाला दिसून काय उपयोग, काकू?’ तांबट समजुतीनं म्हणाला. ‘बेहड्याला दिसायला पाहिजेत.’

आणि त्यानं मान वळवली आणि तीन डोंगरांच्या दिशेनं टुकटुकायला लागला. कामात तो चोख होता. हाक निघाली. पहिल्या डोंगरावर गेली, दुसऱ्यावर गेली.

राखीबाईनं मग काय केलं? कुठलीही आई करेल तेच केलं. भगदाडाला तोंड लावून जिवाच्या आकांतानं ओरडली, ‘अहोऽऽऽ!’

वारा नव्हता. आवाज सरळ नांदुर्कीवर आला. शिंगोजीची मान वळली. आवाज ओळखीचा होता. पण तो नियमाचा पक्षी. त्यानं तांबटाला विचारलं, ‘माझ्या नावाची हाक आली का हो?’

‘तुम्ही अजून इथं आलेलेच नाहीत,’ तांबट म्हणाला. ‘जो आलाच नाही, त्याला हाक कशी येईल?’

‘तेही खरंच,’ शिंगोजी म्हणाला.

‘अहोऽऽऽ!’

‘दुसऱ्या कुणाला तरी असेल,’ तो स्वतःशीच म्हणाला. पण त्याचे पाय फांदीवर ठरेनात.

सातविणीच्या शेंड्यावर झुपकेवहिनी राहायची. ती शेकरू. तांबूस अंग, शेपटीचा हा एवढा झुपका, आणि हातभर जीभ. ती फळ खाता खाता हे सगळं बघत होती. तिनं फळ टाकलं आणि ओढ्यावर झुकलेल्या फांद्यांवरून उड्या घेत निघाली ती थेट नांदुर्कीवर.

‘भाऊजी, बायको ओरडतेय तुमची!’

‘ऐकलं मी, वहिनी.’

‘मग बसलात काय?’

‘हाक आली नाही ना अजून. आली की निघतोच.’

‘अहो, घोरपड अर्ध्यावर चढलीय!’

‘असं तुम्ही म्हणता,’ शिंगोजी कासावीस होऊन म्हणाला. ‘पण खात्याकडून काही नाही. आणि मी इथून आत्ता हललो, तर हाक मला शोधणार कुठं? येतच असेल ती. तेवढी दोन डुकरं राहिलीत.’

झुपकेवहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. मग फांदीवर मांडलेल्या फळांकडे पाहिलं. त्यातलं सगळ्यात मोठं, टपोरं फळ तिनं तोंडात धरलं आणि आल्या वाटेनं उड्या मारत सुटली ती सातविणीकडे.

‘अहो वहिनी! पिल्लांचं फळ आहे ते!’ शिंगोजी ओरडला आणि भस्स भस्स करत तिच्या मागे निघाला. चोराच्या मागे लागायला, बाळांनो, कुणाच्या हाकेची वाट बघावी लागत नाही.

झुपकेवहिनी ढोलीच्या तोंडाशी पोचली आणि पटकन बाजूला झाली. शिंगोजी येऊन आदळला तो घोरपडीवरच. तिचं डोकं ढोलीत गेलेलं होतं. आतून राखीबाई चोचीनं टोले हाणत होती. शिंगोजीनं ते बघितलं आणि मग मात्र त्यानं कुणालाही काही विचारलं नाही. कोयत्यासारखी चोच शेपटीत रोवली आणि पंख मारत मागे ओढलं. नखांनी सालपटं सुटली. घोरपड खाली ओढ्याकाठी पडली, ती धप्पकन. पडली तशी उठून झाडीत गेली.

पिल्लं दोन्ही होती. एकाला खरचटलं होतं, एवढंच.

‘आलात?’ राखीबाई म्हणाली.

‘हाक आली नव्हती गं,’ शिंगोजी म्हणाला आणि मान खाली घातली.

‘हे घ्या तुमचं फळ,’ झुपकेवहिनी म्हणाली. ‘जरा उष्टं झालंय.’

आता हाकेचं काय झालं ते ऐका. हाक बेहड्याला पोचली. बेहडा म्हणाला, पुढची वर्दी अजून आलेली नाही, म्हणजे तो उंबरावर आहे. हाक उंबराकडे गेली. उंबर म्हणाला, तो निघून गेला. हाक परत बेहड्याकडे. तोवर नांदुर्कीवर त्याचं नावच लागलेलं नव्हतं, कारण आपली पाळी सोडून तो चोरामागे गेला होता. पुढेही तो जिथं नाव सांगायचा, तिथून तो उडाल्यावरच हाक पोचायची, आणि ती रानभर फिरत राहिली. दमली नाही, विसरली नाही.

चौथ्या दिवशी शिंगोजी लांबच्या उंबराकडून गळाभर फळं घेऊन घरी येत होता. पहिल्या झाडावरचा तांबट म्हणाला, ‘शिंगोजी धनेश, घोरपड...’ तो दचकून उडाला. पुढच्या तुकड्यातल्या तांबटानं उरलेलं धरलं, ‘...चढतेय, म्हणावं! लिंपण...’ त्याच्या पुढच्यानं संपवलं, ‘...फुटलंय!’

शिंगोजीनं सगळी फळं टाकून दिली आणि जिवाच्या आकांतानं घर गाठलं.

‘काय झालं?’ राखीबाईनं विचारलं. लिंपण नवं होतं. पिल्लं झोपली होती.

‘तू हाक मारलीस ना?’ तो धापा टाकत म्हणाला.

‘मारली होती,’ राखीबाई म्हणाली. ‘फळं कुठायत?’

हुप्पेरावांना ही गोष्ट कळली. ते हरखून गेले. त्यांनी शिंगोजीला भर दरबारात वाघमहाराजांच्या पुढे उभं केलं.

‘हाक मिळाली?’ महाराजांनी विचारलं.

‘मिळाली,’ शिंगोजी म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

‘पूर्ण?’

‘पूर्ण, महाराज.’

‘आणि त्या वेळी तू कुठं होतास?’

‘उडत होतो, महाराज.’

‘उडत होता!’ हुप्पेराव सगळ्यांकडे वळून म्हणाले. ‘तीन तांबट बदलले, एक अक्षर सांडलं नाही!’

सगळ्यांनी शेपट्या आपटल्या. ज्यांना शेपट्या नव्हत्या त्यांनी पाय आपटले. महाराज खूश होऊन झोपायला गेले. हाक कधी मारली होती, हे कुणी विचारलं नाही. शिंगोजीलाही ते मधेच कसं सांगावं ते कळेना.

तात्पर्य: आपलं माणूस समोरून हाक मारत असेल, तर मान वळवू नये. त्याला तीन डोंगरांचा वळसा घालून यायला सांगावं, म्हणजे हाक पूर्ण मिळते. हे तात्पर्य हुप्पेरावांनी प्रत्येक तांबटाला रानात तीन वेळा सांगायला लावलं. ते सांगितलं जात होतं, तेव्हा शिंगोजी ओढ्यातली ओली माती चोचीनं आणून राखीबाईला लिंपायला देत होता. काम थांबवून तो निमूट ऐकायला लागला. तेव्हा वरच्या फांदीवरून झुपकेवहिनी त्याला म्हणाली, ‘भाऊजी, तुमच्या पंखांचा आवाज तुमच्याआधी दोन डोंगर पुढे येतो. तुम्ही कुठं आहात, ते सगळ्या रानाला न सांगता कळतं हो. कुणाला तरी जाऊन सांगितल्याशिवाय पटत नाही, ते तुम्हाला एकट्यालाच.’