सरकारची चूल

माझ्या शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागतो. चौथीतच शाळा सुटली, त्यामुळे वजनदार शब्द मला उचलवत नाहीत. पण सरकारबद्दल लिहायला साधे शब्द पुरतात, असा माझा अनुभव आहे.

लढाईचे दिवस. अमडापुरात रॉकेलवर कंट्रोल आला आणि हुकूम निघाला : चुलीमागे महिन्याला एक बाटली. चुलीभोवती दोन माणसं असोत की बारा, नागपूरच्या साहेबांच्या मते अंधार सगळीकडे सारखाच पडतो. आमच्या घरी आई, बायको, पाच धाकटी भावंडं आणि मी. बाटली आठवड्यात संपे.

रेशन दुकानदार कय्यूमभाई म्हणाले, "अरे भोळ्या, दुसरी चूल मांड, अर्ज टाक. दुसरं कार्ड, दुसरी बाटली!"

मला पटलं. (मला सगळंच पटतं.) अर्ज टाकला. पण आईला सांगायचा धीर होईना. आमच्याकडे पोरानं दुसरी चूल मांडली, म्हणजे तो मायपासून वेगळा निघाला. बायकोला, सत्यभामेला, तेवढं हळूच सांगितलं. तिनं दुपारच्या आत पडवीत चूल लिंपून टाकली. (एवढ्या चपळाईनं तिनं मला कधी पाणीसुद्धा दिलेलं नाही.)

आई बाजारातून आली.

"हे काय होय?"

"चूल."

"मी आंधळी नाही. कोनाची?"

"स... सरकारची."

"सरकार आपल्या घरी जेवाले येऊन राह्यलं काय बे?"

मी रॉकेलचं समजावू लागलो. तिनं ऐकलंच नाही. "बापामागं तुम्हाले वाढवलं, अन् एका बाटलीसाठी तू मले वेगळं काढलं?" म्हणत तिनं डोळ्यांना पदर लावला. मला भडभडून आलं. चूल फोडायला पहार उचलली, तोच रेशनचे इन्स्पेक्टर दारात.

"अर्ज तुझा? खरंच वेगळे झालात, की सोंग? खोटं निघालं तर आहे ते कार्डही जप्त!"

'नाही' म्हणावं तर घर अंधारात, 'हो' म्हणावं तर आई तुटली. मी पहार पाठीमागे लपवली.

आईनंच डोळे पुसून पदर खोचला. "हाव साहेब, झालो वेगळे. हा एकटा तिकडं."

"आणि याची बायको?"

"मी सासूबाईजवळ," सत्यभामा आतून म्हणाली. "साखर त्याइच्या कार्डावर हाय."

इन्स्पेक्टरांनी नियम वाचला : नव्या चुलीला सहा महिने काही मिळत नाही. मग जुन्या कार्डावरून माझं नाव खोडलं. म्हणजे धान्य गेलं, साखर गेली, रॉकेल तर आलंच नव्हतं. गावात उपाशी कोण, हे शोधायला सरकारनं एवढे कागद छापले. आमच्या घरी एकही सापडेना, तर इन्स्पेक्टर एक तयार करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कय्यूमभाईंकडून उसनं पीठ आणलं. विस्तव नव्हता. आईच्या चुलीजवळ जाऊन एक निखारा मागितला. आईनं मान वर केली नाही. सत्यभामेनं चिमट्यात निखारा धरला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं,

"कार्ड आनलं काय?"

मी पीठ पाण्यात कालवलं आणि प्यालो.